चावीवरची जागा

गाडी सेल्फ मारते, पण चालू होत नाही, तेव्हा ते एका माणसाचं काम नसतं. एकानं बॉनेट उघडून आत डोकं घालायचं आणि दुसऱ्यानं चावीवर बसायचं. आतल्यानं ‘मार’ म्हटलं की चावी फिरवायची, ‘थांब’ म्हटलं की सोडायची. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा उद्यमनगरात पुढं गॅरेज आणि मागं दोन खोल्या असा आमचा संसार होता. गॅरेजात कामाला ठेवलेली माणसं टिकायची नाहीत, कारण डोकं बॉनेटखाली गेलं की माझा नवरा भयंकर वसकायचा. म्हणून चावीवर मी बसायला लागले. माझ्यावर तो कधी वसकला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी का जळले ते कळायला सोपं जाईल.

दोन खोल्यांत आमच्याबरोबर सासूबाई होत्या. मधे दार नव्हतं, नुसता पडदा, आणि सासूबाईंचे कान असे की शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी त्यांना आधी कळायचं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर तिसरा शब्द त्यांचा ठरलेला. गॅरेजात मात्र आम्ही दोघंच. मी गाडीत, तो बॉनेटमागं, मधे उघडं झाकण, त्यामुळं एकमेकांचं तोंडही दिसायचं नाही.

‘मार.’

‘थांब.’

‘आता वाईच रेस दे. बास.’

एवढंच बोलणं. पण ते आमचं होतं, त्यात कुणाचा शब्द नव्हता. इतर बायका संध्याकाळी नवऱ्याबरोबर रंकाळ्यावर भेळ खायला जायच्या आणि मी बंद पडलेल्या मोटारींत बसायचे. मला त्यांचा हेवा वाटत नसे.

त्याची शोधायची रीत ठरलेली होती. आधी नुसतं ऐकायचा. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे, तिकडं बघायचं कारण नाही. मग प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचा आणि ‘मार’ म्हणायचा. ठिणगी निळी, टचटचीत पडली तर मोर्चा पेट्रोलकडं. ठिणगी नसली तर मागं मागं जात डिस्ट्रिब्युटरपर्यंत, म्हणजे ज्या डबीतून सगळ्या प्लगांना आळीपाळीनं वीज जाते तिथवर.

‘ठिणगी, पेट्रोल आन् हवा,’ तो म्हणायचा. ‘तिघं येका टायमाला जमली की इंजिन पकडतंय. त्यातलं येक जरी रुसलं तर बसा बोंबलत.’

अगदी सुरुवातीच्या दिवसांत त्यानं ‘मार’ म्हणायला आणि मी चावी फिरवायला एकच गाठ पडली. त्याचा हात अजून वायरवरच होता. असा झटका बसला की कोपर वर बॉनेटवर आदळलं. मी गाडीतून उतरून रडायलाच लागले. तो हात झटकत म्हणाला, ‘रडतीस कशाला? म्या काय मेलो न्हाय. चावी लावायची, येक श्वास घ्यायचा, मग मारायचा. तेवढ्यात माझा हात जाग्याव येतोय.’ तेव्हापासून माझी ती सवयच झाली. चावी लावायची, टक् आवाज यायचा, मी एक श्वास घ्यायचे आणि मग सेल्फ मारायचे.

माझं माहेर हुपरीचं. आमच्या घरात चांदीचं काम. शाळेतून आल्यावर पैंजणाच्या कड्या जोडायला आम्ही सगळी भावंडं बसायचो, त्यामुळं बारीक कामाला माझा हात तयार होता. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन इवले पॉइंट असतात, त्यांच्यावर काळं धरलं की ठिणगी मरते. नवरा ते कसेबसे घासायचा. मी माहेरच्या पॉलिश पेपरनं ते असे लख्ख करून द्यायचे की त्यात तोंड दिसावं. ‘चांदीवालीचा हात हाय,’ तो गिऱ्हाइकाला सांगायचा. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचा. असा सगळा थाट होता, आणि त्यात मॅडम आल्या.

खंडेनवमीला आमच्याकडं माणसापेक्षा वाहनाची आंघोळ मोठी. सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं घासून धुतात, आणि धुताना कुणाचं समाधान बाहेरून होत नाही. बॉनेट उघडून इंजिनावरही पाइप सोडतात, मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, लिंबू. देव प्रसन्न होत असेल, पण पाणी डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं लुटायला दसरा चौकात जायचं म्हणून नवे कपडे घालून लोक गाडीत बसतात, सेल्फ मारतात, मारत राहतात, आणि शेवटी ढकलत आमच्याकडं येतात. दर दसऱ्याला आमच्या दारात हारवाल्या गाड्यांची रांग लागायची. सासूबाई म्हणायच्या, ‘ही बगा, पुजा करून मारल्याली.’

त्या रांगेत एकदा एक जुनी, गोल पाठीची मोटार आली. मागून चार माणसं ढकलत होती आणि स्टिअरिंगवर बाई होती. त्या काळात कोल्हापुरात बाई मोटार चालवते म्हटल्यावर रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मॅडम कॉलेजात भूगोल शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन राहायच्या. केस मानेवर कापलेले, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं असं की जणू आपली बालपणापासूनची ओळख.

मी सवयीनं पदर खोचून गाडीच्या दाराशी गेले. मॅडम उतरल्याच नाहीत. ‘मी बसते की,’ त्या म्हणाल्या. ‘माझीच गाडी आहे. तुम्ही फक्त सांगा काय करायचं ते.’

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. क्षणभर. मग म्हणाला, ‘चालेल, मॅडम.’

चालेल! तो घरात कधी ‘चालेल’ म्हणत नव्हता, ‘चालतंय की’ म्हणायचा. त्यानं टोपण काढलं, फडक्यानं पुसलं, आतून फुंकर मारली आणि ‘मारा’ म्हणाला. मॅडमनी चावी लावली आणि त्याच दमात फिरवली. इंजिन पकडलं. मॅडम हसल्या, आणि खाली उतरून विचारायला लागल्या, काय झालं होतं, पाणी कुठं होतं, ठिणगी कुठून कुठं जाते. आणि माझा नवरा, जो मला इतक्या वर्षांत ‘मार’ आणि ‘थांब’ यापुढं फारसं शिकवायला गेला नव्हता, तो टोपण हातात धरून त्यांना समजावून सांगत होता. मी चहाचे कप घेऊन उभी. चहा गार झाला. मी नाही झाले.

इथून पुढची काही वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. जुन्या गाडीला दुखणी असायचीच. कधी पॉइंट, कधी पेट्रोलच्या नळीत कचरा, कधी कॉइल तापून बसायची. गाडी सेल्फ मारायची, पकडायची नाही, आणि मॅडम रिक्षा करून आम्हाला बोलवायला यायच्या. गाडी ढकलत आली की त्या चावीवर, नवरा बॉनेटखाली, मी चहाला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते कुणाबद्दल म्हणतात हे मला नीट कळलं.

आणि मी आंधळी नव्हते. मॅडम येणार असल्या की नवऱ्याचे हात आधीच धुतलेले असायचे. मेकॅनिकचे हात, काम सुरू व्हायच्या आधी धुतलेले! बोलणंही बदलायचं. आमच्याशी ‘हाय’ नि ‘न्हाय’, त्यांच्याशी ‘आहे’ नि ‘नाही’. सासूबाई पडद्याआडून म्हणायच्या, ‘आली वाटतं मास्तरीण. ह्येच्या जिभंला इस्त्री झाली.’ एरवी माझं आणि सासूबाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण या एका बाबतीत आम्ही सख्ख्या बहिणी होतो.

एकदा मॅडमनी अंगणात गाडी फिरवून घेतली आणि माझ्यासमोर थांबवून म्हणाल्या, ‘तुम्ही का शिकत नाही चालवायला? बसा, मी शिकवते.’ मनानं चांगल्या होत्या, यात शंका नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा. वाईट असत्या तर काम सोपं होतं. मी कितीतरी गाड्या सुरू केल्या होत्या, एकही चालवली नव्हती. मी सुरू करायचे आणि दुसरं कुणीतरी घेऊन जायचं. ‘मला वेळ नाही,’ असं म्हणून मी आत गेले आणि लसूण सोलत बसले. नको इतका लसूण सोलला.

दोन हजार साल उलटलं आणि गाड्या बदलल्या. डिस्ट्रिब्युटर गेले, पॉइंट गेले, माझा पॉलिश पेपर कपाटात पडून राहिला. आता इंजिनाला कॉम्प्युटर होता, ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं ते सगळं तोच ठरवायचा. नवरा सांगलीला जाऊन शिकून आला, शहाणा माणूस, मागं पडला नाही. पण चावीवर बसायचं काम कमी झालं. आमचं ‘मार’ आणि ‘थांब’ कमी झालं. घरात बोलायला आता तशी हरकत नव्हती, सासूबाईंना ऐकूही कमी यायला लागलं होतं, तरी आम्हाला बोलायचं काय ते सुचायचं नाही.

मॅडमनीही नवी गाडी घेतली. चांदीच्या रंगाची, छोटी, गोजिरवाणी. मी मनात म्हटलं, नवी गाडी बंद पडत नाही, सुटलो.

गाडी दाखवायला मॅडम पेढे घेऊन आल्या. बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या कमरेकडं गेलं. माझ्या लग्नात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चांदीचा छल्ला दिला होता. कमरेला खोचायचा, खाली कडीत किल्ल्या अडकवायच्या, पुढं नक्षीचं पान आणि त्याला बारीक घुंगरू. मॅडमनी तो हातातच घेतला. ‘किती सुंदर! मला असा मिळेल? नव्या गाडीच्या किल्लीला लावीन.’ विचारलं कुणाला, तर नवऱ्याला. छल्ला माझा, माहेर माझं, चांदी माझ्या बापाची, आणि विचारायचं त्याला.

‘बघू की,’ नवरा म्हणाला. मग सावरून, ‘बघतो, मॅडम.’

पुढच्या आठवड्यात हुपरीहून अव्वाचा, माझ्या आईचा, फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. ‘अगं, जावई आलतं की रविवारी! एकटंच. जेवूनशान गेलं. कुणा मास्तरीणबाईंना छल्ला पायजे म्हणत हुतं. तुझं अप्पा तर लईच खूस. जावयानं जल्मात पैल्यांदा तोंडानं काय तरी मागितलं म्हणत्यात.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रविवारी तो ‘सामान आणायला जातोय’ म्हणून गेला होता. मला माहेरी न्यायचं म्हटलं की गॅरेज उघडं टाकून कसं यायचं, गिऱ्हाईक काय म्हणंल, एसटीनं जा की. बायकोसाठी तासाभराची वाट लांब, आणि मॅडमच्या छल्ल्यासाठी हुपरी जवळ आली.

त्याला विचारलं तर म्हणाला, ‘तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस व्हय?’

खरंच दिलं नसतं.

छल्ला तयार होऊन आला तेव्हा मी तो डबीतून काढून बघितला. अप्पांनी स्वतःच्या हातानं केला होता, कारागिराकडं दिला नव्हता. जावयानं मागितलेली वस्तू. विड्याच्या पानाएवढं रुंद पान, जाडजूड, काठाला घुंगरांची दाट ओळ. माझा छल्ला मी त्याच्याशेजारी ठेवला. माझा पोकळ होता, पत्र्याचा. हा भरीव. पोरगी सासरी पाठवताना पोकळ, आणि परक्या बाईला भरीव! त्या दिवशी मी नवऱ्यावर जळले, मॅडमवर जळले आणि पहिल्यांदाच बापावरही जळले. जेवण केलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, हे आणखी वेगळं.

आणि मग नवी गाडी बंद पडायला लागली.

सेल्फ मारायची, इंजिन पकडायचं नाही. अगदी जुन्या गाडीसारखं. कॉलेजच्या दारात, मंडईत, कधी थेट आमच्या गॅरेजात तेल बदलून झाल्यावर. नवरा बॉनेट उघडायचा, चावीवर अर्थात मॅडम. सेल्फ जोरात, म्हणजे बॅटरी चांगली. टाकीतल्या पंपाची घूं ऐकायचा, पंप चांगला. फ्यूज बघायचा, वायरी हलवायचा, मॅडमना ‘मारा’ म्हणायचा. पकडायचं नाही. मग कंटाळून तो स्वतः येऊन बसायचा, दोन बोटांनी चावी फिरवायचा आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! मॅडम टाळी वाजवायच्या. ‘तुमच्या हातात जादू आहे हो!’

जादू. मला सगळं समजलं, निदान मला तसं वाटलं. आपण मारली की पकडत नाही आणि त्यानं मारली की पकडते, हे काय इंजिनाचं दुखणं आहे? पहिलवान असल्याचं सोंग करून आखाड्यात येणारे असतात, तसं हे आजारी असल्याचं सोंग. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही. मी बघत होते.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आत्ता गं बया. तिच्या हाताव नजर ठेव. लबाडी हातात असती.’

त्यांनी ते कशाला म्हटलं कोण जाणे, पण मी ठेवली नजर. मॅडम आल्या की चहा घेऊन मी गाडीच्या खिडकीशी उभी राहायचे आणि हलायचे नाही. त्यांची साडी, घड्याळ, नखं, सगळं माझं पाठ झालं. मॅडम चावीवर बसल्या की समोर बघायच्या, बॉनेटकडं, म्हणजे नवऱ्याकडं. मी मॅडमच्या हाताकडं. त्यांना चारचौघांत घुंगरांचा आवाज नको असायचा. ‘मारा’ ऐकू यावं म्हणून त्या सगळा छल्ला किल्लीच्या डोक्याबरोबर मुठीत गच्च गोळा करायच्या आणि मग फिरवायच्या. नवरा बसला की तो किल्ली दोन बोटांत धरायचा, छल्ला खाली लोंबायचा आणि छुमछुम वाजायचा. हे छुमछुम मला घरात चुलीपाशीसुद्धा डोक्यात जायचं. माझ्या बापाची घुंगरं, दुसरीच्या गाडीत.

मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी ते छुमछुम ऐकते तेव्हा त्यामागून लगेच इंजिनाचा आवाज येतो. आणि घुंगरू गप्प असले की नुसता सेल्फ फिरत राहतो. पुढच्या खेपेला मी चहा देताना गाडीच्या आत वाकले. मॅडमच्या मुठीत छल्ला, आणि समोरच्या काचेखाली किल्लीचं चित्र असलेला एक बारका दिवा लुकलुकत होता. नवरा बसला, घुंगरू वाजले, दिवा विझला, गाडी सुरू.

मला ठाऊक होतं ते चित्र कशाचं. नवऱ्यानं सांगलीहून आल्यावर सांगितलं होतं, जेवताना, सासूबाईंना आणि मला. या नव्या गाड्यांच्या किल्लीच्या डोक्यात एक खूण लपवलेली असते. गाडीचा कॉम्प्युटर ती खूण वाचतो, आणि मालकाची किल्ली नाही असं वाटलं तर सेल्फ मारू देतो पण पेट्रोल सोडत नाही. चोरासाठी केलेली युक्ती. नवऱ्याच्या डोक्यात ते होतंच. पण बॉनेटखालून त्याला तो दिवा दिसत नव्हता आणि तो स्वतः बसला की दिवा लुकलुकत नव्हता. तो दिवा दिसायची जागा एकच, चावीवरची. तिथं मी असते तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तरी मी लगेच बोलले नाही. विचार केला, सोंग नव्हतं तर मग बाई खरंच अडकत होती. आणि ती अडकत होती माझ्या अप्पांच्या चांदीमुळं. अप्पांनी जावयाच्या प्रेमानं पान इतकं रुंद आणि भरीव केलं की ते मुठीत किल्लीच्या डोक्यावर झाकण होऊन बसत होतं आणि कॉम्प्युटरला आतली खूण वाचता येत नव्हती. पोकळ केलं असतं तर कदाचित झालंही नसतं. छल्ल्यासाठी नवरा हुपरीला गेला आणि छल्ल्यामुळंच मॅडम पुन्हा पुन्हा दारात. सांगितलं तर त्यांचं येणं थांबेल, हे मला दिसत होतं. सांगितलं नाही तर नवऱ्याची लाज जाईल, हेही दिसत होतं. कारण गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली होती की ह्याला नव्या गाड्यांतलं काय कळत नाही.

एका सकाळी मॅडमच्या कॉलेजात परीक्षा होती आणि गाडी आमच्याच दारात रुसली. नवऱ्यानं सगळं तपासलं. घाम पुसला आणि आतल्या आवाजात म्हणाला, ‘मॅडम, ही कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी लागेल बहुतेक. माझ्या हातचं नाही.’

हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तो पुन्हा बॉनेटखाली वाकला, काही करायला नव्हे, तोंड लपवायला. माझी मॅडमवरची जळजळ तिथल्या तिथं राहिली, पण त्यावर दुसरंच काहीतरी चढलं.

मी कप खाली ठेवला आणि गाडीचं दार उघडलं. ‘मॅडम, उतरा,’ मी त्यांच्या कानाशी हळूच म्हटलं.

‘काय झालं?’

‘उतरा की.’

त्या उतरल्या. मी बसले. कितीतरी दिवसांनी. किल्ली छल्ल्याच्या कडीतून सोडवली, छल्ला शेजारच्या सीटवर ठेवला. नवऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं, मधे झाकण उभं होतं. मी नुसती किल्ली लावली. टक् झालं. दिवा एकदा लागला आणि विझला. मी श्वास घेतला. आणि मारला.

इंजिन पकडलं, पहिल्याच झटक्यात.

बॉनेटमागून, न बघता, नवऱ्याचा आवाज आला, ‘तू बसलीस व्हय?’

मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले.

मग बाकीचं झालं. छल्ला मुठीत धरून मारून दाखवला, नाही पकडलं. बाजूला ठेवून मारला, पकडलं. नवरा कपाळावर हात मारून हसत सुटला. मॅडमही हसल्या, अगदी मनापासून. ‘म्हणजे मी स्वतःच स्वतःच्या गाडीची चोर!’ असं म्हणाल्या. माझा हात हातात घेऊन ‘तुम्ही नसता तर काय झालं असतं’ म्हणाल्या. किल्ली साध्या दोऱ्यात बांधली. आणि अप्पांचा तो भरीव छल्ला त्यांनी माझ्यासमोर कमरेला खोचला, अगदी माझ्यासारखा. शोभत होता. माझ्यापेक्षा जास्तच शोभत होता. परीक्षेला उशीर होतोय म्हणत त्या गेल्या.

नवरा पायरीवर बसून हात धूत होता. मी त्याच्या हातावर तांब्यातून पाणी घालत होते. सासूबाई आत झोपल्या होत्या. इतकी वर्षं मनात होतं ते सगळं त्या वेळी निवल्यासारखं वाटत होतं. त्यानं न बघता मला ओळखलं होतं. मला ते पुन्हा एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी विचारलं, ‘मी बसलीया ते कसं कळलं वो तुमास्नी?’

‘कळतंय की,’ तो म्हणाला. ‘तू चावी लावून श्वास घेतीस. टक् झालं की तेवढी जागा मोकळी जात्या. दुसरं कोन घेत न्हाय तसा श्वास.’

मी हसले. तांब्यातलं पाणी जरा जास्तच पडलं.

‘मॅडमचं तसं न्हाय,’ तो बोटं चोळत पुढं म्हणाला, सहज. ‘त्या सगळं येका दमात करत्यात. आन् इंजिन पकडलं तरी वाईच उशिरा सोडत्यात. सेल्फ शेवटाला बारीक किंचाळतोय. डोळं झाकून सांगीन मी, मॅडम हायत म्हणून.’

मी तांब्या खाली ठेवला. चावीवरची जागा मला परत मिळाली होती, पण त्याच्या कानात आम्ही दोघी होतो.